रामराव ट्रेडर्स, अमडापूर

आज सकाळी अकराच्या सुमारास माझ्या वडिलांना ऑर्डर मिळाली. वडील वारून बावीस वर्षं झाली आणि दुकान तर त्यांचं कधी नव्हतंच. पण कागद माझ्या टेबलावर पडला होता, खाली साहेबांची हिरव्या शाईतली सही होती आणि वर स्वच्छ छापलं होतं: प्रति, मे. रामराव ट्रेडर्स, मु. पो. अमडापूर, तालुका चिखली. विषय, बसगाड्यांच्या सीटच्या गाद्या, वर्षभराचं काम. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कागद तोच. चहा आला होता तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. एकोणीस वर्षं हे नाव मी लिहीत आलो, पण नेहमी दुसऱ्या ओळीत, हरलेल्यांच्या रांगेत. 'प्रति'च्या पुढे ते कधी आलं नव्हतं. आणि खरं सांगतो, मला आधी भीती वाटली नाही. आधी बरंच वाटलं. अण्णा, मिळाली बरं का तुम्हाला ऑर्डर, असं मी मनात म्हणूनही गेलो. भीती मागून आली, आणि आली ती चांगली ऐसपैस बसली. कारण दुपारी तीन वाजता नजमुन्निसा येणार होती, आणि हे काम तिचं होतं. एकोणीस वर्षं तिच्याच घराचं होतं. आता ते कोणाला गेलं म्हणून तिनं विचारलं, की मला तोंड उघडावं लागणार होतं. उघडलं तर माझी पेन्शन, न उघडलं तर तिची चूल. मधे कुठे सावली नाही.

मी गोपाळ रामराव उंबरकर, वऱ्हाड परिवहन मंडळाच्या बुलडाणा विभागाचा भांडारपाल. नट, बोल्ट, ब्रेकचं तेल, टायर, काचा, फिनेल, सगळं माझ्या कुलपाखाली. निवृत्तीला पाच महिने उरलेत. माझं मधलं नाव रामराव हे या कार्यालयात रोज कुठल्या ना कुठल्या कागदावर उमटतं, आणि त्याच फायलीत, चार पानं मागे, रामराव ट्रेडर्स. आठ साहेब आले आणि गेले, दरवर्षी ऑडिटवाले येऊन माझ्या घरचा मिरचीचा ठेचा खाऊन गेले, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. वाचतंय कोण? सरकारात कागद वाचायचा नसतो, मोजायचा असतो. वस्तू घ्यायची तर तीन दुकानांचे भाव मागवायचे, त्यांना आम्ही कोटेशन म्हणतो, आणि सगळ्यात कमी भाववाल्याला काम द्यायचं. पुस्तकात हा नियम फार शोभतो. पण बुलडाण्यात बसच्या सीटची गादी नीट भरून देणारं घर एकच असेल तर दुसरा कोण आणि तिसरा कोण? मग ज्याला काम द्यायचं तोच तिन्ही कोटेशनं आणून देतो, एक आपलं आणि दोन ओळखीच्यांची. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑडिटवाला बोटानं मोजतो, एक, दोन, तीन, आणि खूण करून पुढे जातो.

अठ्ठ्याऐंशी साली हैदर पिंजाऱ्यानं दोनच आणली. हैदर म्हणजे नजमुन्निसाचा नवरा. घराणं पिंजाऱ्यांचं, बाप-आजे गल्लोगल्ली धनुकली वाजवत कापूस पिंजत फिरायचे. यानं डोकं चालवून सीटच्या गाद्यांचं काम धरलं. एक कोटेशन त्याचं, एक मेहकरच्या त्याच्या दोस्ताचं, जो कोऱ्या कागदांवर सह्या करून गठ्ठाच देऊन ठेवायचा. तिसरा दोस्त त्या आठवड्यात सासऱ्याच्या मयतीला गेलेला. तेव्हाचे साहेब म्हणाले, "उंबरकर, चारच्या आत फाइल पाहिजे, काय करायचं ते करा." काय करायचं ते करा, हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आहे की निवृत्तीच्या दिवशी नारळाबरोबर तेच द्यावं. मी कोरा कागद घेतला. पेन हातात, आणि नाव सुचेना. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले होते. हात आपोआप चालला: रामराव ट्रेडर्स, अमडापूर. एवढंच नाही, अक्षरही अण्णांचंच आलं, गोल, मास्तरी, प्रत्येक अक्षराला नीट डोकं आणि पाय. भाव हैदरपेक्षा जरासा जास्त टाकला. चारला फाइल गेली, साडेचारला मंजूर झाली. दुकान उघडलं त्याच दिवशी हरलं.

अण्णा अमडापूरच्या शाळेत मास्तर होते. आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले आणि मनात दुकान थाटलं. पाट्या, वह्या, शाई, दौती, दिवाळीत फटाके. बसथांब्याजवळ एक मोकळी जागा होती, तिथे ते संध्याकाळी जाऊन पावलांनी मोजायचे. आठ पावलं आडवी, बारा उभी. मी बरोबर असलो की मलाही मोजायला लावायचे, आणि माझी पावलं लहान म्हणून जागा मोठी भरायची, तर खूश व्हायचे. दुकानाला 'ट्रेडर्स'च म्हणायचं हा त्यांचा हट्ट. माझी आई तानाबाई म्हणायची, "इथं मीठ आणाले पैसे नाहीत, अन् हे ट्रेडर्स!" तरी निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी चिखलीहून पाटी रंगवून आणली, पिवळ्यावर लाल अक्षरं. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात गेले. पाटी आईनं धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खालच्या बाजूला. तर असं ते दुकान. मी ते चालवलं, असं मला वाटायचं. दरवर्षी मे महिना आला की घरी जेवणं आटोपल्यावर मी अण्णांच्या अक्षरात भाव लिहायला बसायचो. पुढे छापखान्यातून पन्नास लेटरहेड छापून आणले. विक्रीकर क्रमांकाच्या रकान्यात 'अर्ज केला आहे' असं लिहायचो. एकोणीस वर्षं अर्ज केलेलाच आहे. बायको विचारायची, काय एवढं मन लावून लिहून राह्यले? मी म्हणायचो, ऑफिसचं. त्यात खोटं काही नव्हतं.

हैदर शहाण्णव साली छातीच्या दुखण्यानं गेला. कापसाची धूळ आयुष्यभर ओढली त्यानं. मला वाटलं संपलं, आता गाद्या कोण भरणार? तिसाव्या दिवशी नजमुन्निसा दारात उभी. बुरख्याचा पडदा वर केलेला, हातात कापडात बांधलेली एक गादी. म्हणाली, "गोपाळभाऊ, बसून पाहा." मी बसलो. "उठा. आता पाहा तिच्याकडे." गादी हळूहळू वर आली आणि पुन्हा सपाट झाली. "त्यांच्याही गाद्या मीच भरत होती," ती म्हणाली, "ते फक्त आणून टाकत." इतका खरा माल मी भांडारात दुसरा पाहिला नाही. मुख्यालयाकडून मोठ्या कंपनीच्या गाद्या यायच्या त्या वर्षात बसायच्या, प्रवाशाच्या बुडाला लोखंड लागायचं; नजमुन्निसाची गादी चार-चार वर्षं जायची. कारण विचारलं तर सांगायची, देशी कापूस. आखूड, खरबरीत धाग्याचा, कोणी कपड्याला घेत नाही असा; पण दाबला की परत उठतो. बीटी बियाणं आल्यावर तो शेतातून गेला. जिकडे तिकडे बीटीची पाकिटं, लांब मऊ धागा. त्याची गादी सहा महिन्यांत चप्पट. मग ती रोहिणखेडच्या बाजूला फिरायची, तिथे एक म्हातारा दोन-चार ओळी देशीच्या अजून लावायचा, हट्टानं. वर्षागणिक तेही कमी होत गेलं. माल मिळेना, मिळाला तर महाग. ती यायची, दाराजवळच्या स्टुलावर टेकायची आणि म्हणायची, "भाऊ, यंदा भाव थोडा वाढवून टाकते." आणि मी म्हणायचो, "नजमाबाई, पाहा बॉ. अमडापूरवाल्यानं यंदा खाली टाकला आहे."

हे मी का म्हणायचो? साहेब म्हणायचे, मागच्या वर्षीपेक्षा भाव वर जाऊ देऊ नका, मुख्यालय विचारतं. सरळ नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. विधवा बाई, मेहनती बाई, तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की तुला तेवढे द्यायचे नाहीत? म्हणून मी अण्णांना पुढे करायचो. अण्णा कधी नाही म्हणायचे नाहीत. ती ओठांतल्या ओठांत हिशेब करायची, मग म्हणायची, "ठीक आहे. त्याच्याहून एक रुपया खाली लिहा." तिला मराठी वाचता येत नाही, उर्दू येते, कोटेशन मीच लिहून द्यायचो. तिनं अमडापूरच्या रामरावला पाहिलं नव्हतं, पण तिच्या बोलण्यात तो रोज असायचा. "तुमच्या त्या रामरावले पोरंबाळं नाहीत का जी? एवढ्यात कसं भागते त्याचं?" किंवा, "त्याले कापूस कोण देते, मले पत्ता द्या ना." मी हसायचो. आमच्यातली ती गंमत होती, निदान मला वाटायचं. मंडळात माझं नाव झालं: उंबरकरांच्या भांडारात गादीचा भाव वाढत नाही. मला एकदा प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर गांधी टोपीवाल्या कुणा अध्यक्षाची सही आहे. घरी लावलंय. मी वाईट माणूस नाही. हे वाक्य आज सकाळपासून मी दहादा तरी मनात म्हटलं असेल, आणि इतक्यांदा म्हणावं लागतं म्हणजे काय ते कळायला मी लहान नाही.

मागल्या वर्षी मुख्यालयाचं पत्र आलं की खरेदीच्या पद्धतीत सुधारणा करायची आहे, त्यासाठी सल्लागार नेमावा. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात पाहुणे फार. गावोगाव शेतकरी जीव देत होते, त्यामुळे दिल्लीचे येत, मुंबईचे येत, पॅकेजवाले, पाहणीवाले, कॅमेरेवाले. शेगावचं दर्शन आटपायचं, कचोरी खायची आणि मग प्रश्नावली काढायची. मला वाटलं, त्यातलाच हा एक सल्लागार. जाहिरात दिली, तर अर्ज आला एकच, पुण्याच्या एका संस्थेचा. साहेबांनी कपाळाला हात लावला. "एकच कसा चालेल? तीन पाहिजेत. उंबरकर, काय करायचं ते करा." केलं. एक संस्था नागपूरची काढली, एक औरंगाबादची, दोघींचा भाव जरासा वर. खरेदी सुधारणाऱ्याची खरेदीसुद्धा आमच्याच रीतीनं झाली, आणि फाइल अशी देखणी झाली की साहेब म्हणाले, वा. त्या दिवशी घरी जाताना मला हसू येत होतं, पण ते बाहेर आलं नाही, अंगात नुसता थकवा भरला. एवढी वर्षं झाली, आता कशाचं हसू येतंय.

पुण्याहून आली ती रेवती. तिशीतली, डोळ्यांखाली काळं, पाठीवर संगणकाची बॅग. मला वाटलं होतं तोऱ्यात असेल, तर तशी नव्हती. 'हो'च्या जागी माझं 'हाव' ऐकून पहिल्या दिवशी तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण तिनं ते लगेच आवरलं, आणि मीही दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे 'मला', 'तुला' असं पुस्तकी बोलायला लागलो. आमच्या भांडारात कूलरच्या पाण्याचा कुबट वास येतो. त्यात तीन आठवडे बसून तिनं एकोणीस वर्षांच्या फायली खरोखर वाचल्या. वाचल्या! मी तिच्या बोटाकडे पाहत बसायचो, ते ओळीवरून ओळीवर सरकायचं. एक दिवस म्हणाली, "काका, हे रामराव ट्रेडर्स कोण आहेत?" माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजला. "अमडापूरचे आहेत. का बरं?" "एकोणीस वर्षं भाव भरतात. एकदाही काम मिळालेलं नाही. तरी दरवर्षी भरतात. मला भेटायचंय त्यांना." मी म्हटलं, म्हातारे आहेत, ऐकू येत नाही, जाऊन उपयोग नाही. मग तिनं प्रश्नावली दिली, तुमच्या ओळखीनं पोचवा म्हणाली. मी ती घरी नेली. पहिले सात प्रश्न सहज भरले. आठवा होता: काम मिळत नसतानाही आपण भाव का भरता?  बसथांब्याजवळची आठ पावलं आणि बारा पावलं माझ्या पायांत आली. अण्णांच्या अक्षरात मी लिहिलं: कधीतरी मिळेल म्हणून.

ते वाचून तिचे डोळे भरले. माझ्यासमोर. "किती विश्वास असेल हो या माणसाचा आपल्या पद्धतीवर," ती म्हणाली. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. बाई, असा माणूस नाही. पण तोच धागा ओढला की नागपूर-औरंगाबादही उसवणार होतं, म्हणजे तिची स्वतःची नेमणूक, साहेबांची सही, माझी पेन्शन, सगळंच. मी म्हटलं, "हो ना." आणि तिनं अहवालात नियम सुचवला: एकाच पुरवठादाराला सलग तीन वर्षांहून अधिक काम देऊ नये, चौथ्या वर्षी ते दुसऱ्या क्रमांकाच्या भावाला द्यावं, म्हणजे लहान दुकानदारांना संधी मिळेल. चांगला नियम आहे. कुणाही शहाण्या माणसाला पटेल असा. मुख्यालयानं एप्रिलमध्ये मंजूर केला. मला कळलं तेव्हा मी स्वतःला समजावलं की साहेब गादीच्या कामाला काही तो लगेच लावणार नाहीत, आणि मे महिन्यात अण्णांचा भाव नेहमीसारखाच लिहिला. साहेबांनी पहिला त्यालाच लावला. लहान काम, गाजावाजा मोठा.

साडेबाराला मी रेवतीला पुण्याला फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला. "काका! निघाली का ऑर्डर? अमडापूरची?" तिच्या आवाजात असा आनंद होता की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. "निघाली." "मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. अशा कामांत कधीच काही बदललेलं दिसत नाही हो, नुसते अहवाल. रामरावांना माझा नमस्कार सांगा. ओरडून सांगा, ऐकू येत नाही ना त्यांना." मी म्हटलं, सांगतो. फोन ठेवला. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि डबा परत लावून ठेवला. रस्त्यापलीकडे बियाण्यांच्या दुकानापुढे रांग लागली होती, उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. मे महिना अजून संपलाही नव्हता, पण पाकिटं संपतील या धास्तीनं माणसं उभी. मला उगाच त्यांचा राग आला. मग कळलं, राग त्यांचा नाहीच. ज्याचा येतोय त्याच्या खुर्चीत मीच बसलो होतो.

तीनला नजमुन्निसा आली. दारातच चपला काढते, कितीदा सांगितलं नका काढू म्हणून. स्टुलावर टेकली, पडदा वर केला, ओढणीनं कपाळ टिपलं. बोटांची टोकं दाभणानं भोकसून काळी पडलेली. पाणी दिलं, प्यायली.

"भाऊ, यंदा ऑर्डर निघाली नाही का अजून? महेजबीन विचारून राह्यली. रेक्झिन आणाले खामगावले जा लागते."

महेजबीन तिची मुलगी. "निघाली," मी म्हटलं.

"मंग?"

"अमडापूरवाल्याला गेली."

 कूलर घरघरत होता. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, साहेबांकडे चला म्हणेल. त्यातलं काही झालं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती मान हलवत राहिली, हळूहळू.

"जितला तर शेवटी," ती म्हणाली. "माह्याहून खाली आला?"

"खाली नाही. नियम बदलला. आता पाळीपाळीनं देतात."

"अस्सं." तिनं पेला स्टुलाखाली ठेवला. मग जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणून बोलली, लाजल्यासारखी. "भाऊ, एक काम करा माहं. तुमची त्याची ओळख आहे. त्याले सांगा, मले कामावर ठेव म्हणा."

"कोणाले?" माझ्या तोंडून घरचीच भाषा आली.

"रामरावले. त्याचं वय झालं म्हणता ना तुम्ही? एवढ्या गाड्यांच्या सीटा त्याच्यानं होतील का? मी शिवते, महेजबीन शिवते, मशीन आमच्या. तो देईल ते घेऊ."

"नजमाबाई, असं नका बोलू."

"काऊन नाही बोलू? एवढे साल त्याच्यासंग झुंजली, त्यानं मले एक साल सुखानं झोपू नाही दिलं. पण माणूस कामाचा असला पाहिजे जी. त्या भावात गादी भरते म्हणजे काही ना काही येत असंल त्याले, जे मले नाही येत. शिकाले मिळंल."

माझ्या कानांत एकदम ऊन भरलं.  पेन्शन, साहेब, पुण्याचा तो आनंदी आवाज, सगळं डोक्यात एका जागी गोळा झालं आणि कशालाच वजन उरलं नाही. एवढंच उरलं की ही बाई माझ्या मेलेल्या बापाकडे मजुरी मागते आहे, कारण तो तिच्याहून हुशार आहे असं मी तिच्या घराला एकोणीस वर्षं सांगत आलो.

"तो नाही," मी म्हटलं.

"कोण नाही?"

"रामराव. दुकान नाही, गाद्या नाहीत, कोणीच नाही. माह्या बापाचं नाव होतं. मास्तर होते. तुमचं पहिलं कोटेशन आलं त्याच्या तीन वर्षं आधीच गेले."

"थट्टा नका करू भाऊ, या वक्ती."

"थट्टा नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.  मग डोळे भिंतीकडे गेले आणि मला दिसलं की ती एकेक वर्ष काढून पाहते आहे. "हैदर दवाखान्यात होते, मी आली होती. म्हटलं भाव वाढवा, दवा आणायची आहे. तुम्ही म्हणले, अमडापूरवाला खाली आला. ते?"

"नव्हतं."

"जनकाबाईले मी कामावरून काढली. रडत गेली ती, बारा साल होती माह्याजवळ. म्हटलं, त्या रामरावच्या पुढे परवडत नाही बाई. ते साल?"

"नव्हतं. काहीच नव्हतं."

"महेजबीनचं कॉलेज?"

 कॉलेज सुटलं हे मला माहीत होतं. मशीनवर बसायला माणूस परवडेना म्हणून सुटलं हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. अशा गोष्टी भावांच्या तुलना-तक्त्यात येत नाहीत.

"मंग मी भाव उतरवला कोणासाठी?" ती म्हणाली. ओरडली नाही. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं.

मी खण उघडला, कोरा कागद काढला. अक्षर माझंच येत होतं, तिरकं, कारकुनी. लिहिलं: मा. विभागीय अधिकारी यांस, मी खाली सही करणार असे निवेदन करतो की मे. रामराव ट्रेडर्स, अमडापूर, या नावाची कोणतीही संस्था अस्तित्वात नाही. सन १९८८ पासून त्यांची सर्व कोटेशने मी स्वतः लिहिली. तसेच सल्लागाराच्या नेमणुकीतील नागपूर व औरंगाबाद येथील दोन कोटेशने मीच तयार केली. यायोगे कार्यालयाची दिशाभूल झाली, त्यास मी जबाबदार आहे. सदर पुरवठा आदेश रद्द करावा. पाच महिन्यांनी मिळणारी पेन्शन ज्या कागदावर होती, तो कागद मला या कागदाखाली स्पष्ट दिसत होता. साहेब काय म्हणतील तेही ऐकू येत होतं. आणि खोटं कशाला बोलू, शेवटचं वाक्य लिहिताना मला जरा हलकंही वाटलं, केलं बॉ एकदाचं, असं. सही ठोकली.

"काय लिवलं? वाचा," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं, सोपं करून, ओळीओळीनं. ती लक्ष देऊन ऐकत होती. संपलं तरी ऐकतच होती, आणखी काही यायचं असल्यासारखी.

"झालं?"

"झालं."

"यात माहं नाव नाही."

मी कागदाकडे पाहिलं. खरंच नव्हतं.

"ऑफिसले फसवलं, ते लिवलं. साहेबाले फसवलं, ते लिवलं. ऑफिसचं काय गेलं जी? त्याईले तर स्वस्तात गाद्या भेटल्या." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला, आणि तिनं तो ओढणीत धरून परत जागेवर आणला. "मले फसवलं, ते कुठं लिवलं?"

चाळीस वर्षं मी कागद लिहितो. कोणाला काय म्हणायचं आहे ते त्याच्याआधी ओळखून लिहितो, अशी माझी ख्याती. एवढी साधी गोष्ट राहून गेली होती. मी दुसरा कागद घेतला. वर तिचं नाव घातलं, पूर्ण: श्रीमती नजमुन्निसा हैदर, गादी कारागीर. पुढे पेन अडलं.

"कोणत्या सालापासून लिहू?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

ती स्टुलावरून उठली. टेबलासमोर अधिकाऱ्यांसाठी ठेवलेली खुर्ची होती, तिच्यावर ती आजवर कधी बसली नव्हती. ती तिनं पुढे ओढली आणि बसली. मी साल टाकलं, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. तुमच्या घरानं मागितलेला भाव सांगा, म्हटलं. तिला तो आठवत होता, पैशांसकट. तिनं सांगितला, आणि मी जसाच्या तसा लिहून घेतला.